जुनं पोर्सिलेन पारखताना : बुडाचा शिक्का सगळ्यात शेवटी

भिंगवाला

बुडाच्या शिक्क्याचा एकच फोटो टाकून "हे खरं आहे का, किती जुनं आहे?" असं विचारलं की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. अख्ख्या वस्तूत नक्कल करायला सगळ्यात सोपा तो शिक्काच. फुलीसारख्या दोन तलवारी काढायला कुंचल्याचे दोन फटकारे पुरतात. माती, भट्टी आणि शंभर वर्षांची झीज यांची नक्कल करताना मात्र घाम फुटतो.

जर्मनीतल्या मायसेनचंच बघा. कारखाना १७१० चा, निळ्या तलवारींचा शिक्का १७२० च्या दशकातला. पुढे त्या तलवारी, किंवा लांबून तलवारी वाटतील अशा रेघा, कितीतरी कारखान्यांनी मारल्या. पॅरिसच्या सॅमसनचा तर १८४५ पासून धंदाच जुन्या नमुन्यांच्या नकला करण्याचा. आता त्या नकलाही जुन्या झाल्यात, म्हणजे नुसतं जुनेपण सिद्ध करूनही भागत नाही.

माझा क्रम असा: आवाज, उजेड, बूड, झिलई, रंग आणि मग शिक्का.

आवाजासाठी बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायची, कडेला दुसरं काही लागू द्यायचं नाही, आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकानं कडेवर हलकी टिचकी मारायची. धड पोर्सिलेन खणखणीत वाजतं आणि नाद थोडा रेंगाळतो. तडा असेल तर बद्द वाजतं. दोनतीन ठिकाणी वाजवा, कारण लहान चीर एका बाजूला लपते. पण अर्दनवेअर, म्हणजे कमी तापमानात भाजलेली सच्छिद्र माती, धडधाकट असली तरी बद्दच वाजते. तिला या परीक्षेत नापास करू नका.

उजेडासाठी अंधाऱ्या खोलीत विजेरी आतून लावायची. अर्दनवेअरमधून उजेड येत नाही. हार्ड पेस्टमधून थंड, निळसर-राखाडी उजेड येतो. बोन चायनातून उबदार दुधाळ. अठराव्या शतकातल्या इंग्लिश सॉफ्ट पेस्टच्या तऱ्हा वेगळ्याच: वूस्टर कारखान्याच्या मातीत सोपस्टोन (शंखजिऱ्याचा मऊ दगड) असल्यानं उजेड हिरवट दिसतो, तर चेल्सी कारखान्याच्या बशीत मध्येमध्ये चंद्रासारखे उजळ ठिपके दिसतात. मातीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे ते ठिपके.

बुडाबद्दल या मंचावरचे जाणकार खाली लिहितीलच.

कपबशी

वाचतेय. एक प्राथमिक शंका. हार्ड पेस्ट, सॉफ्ट पेस्ट, बोन चायना ही नावं कानावरून गेलीत, पण वस्तू हातात असताना फरक कशावरून कळतो? विजेरीशिवाय काही?

कोबाल्ट

@कपबशी, टवका उडालेला असेल तर तो बघा. टवका म्हणजे फुकटात मिळालेली खिडकी.

हार्ड पेस्टमध्ये केओलिन (शुद्ध पांढरी चिनीमाती) आणि चायना स्टोन, म्हणजे फेल्डस्पार हे खनिज असलेला दगड असतो, भाजणी साधारण १३०० ते १४०० अंशांवर. माती आणि झिलई एकजीव होतात, त्यामुळे टवका काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराचा उडतो आणि झिलईचा वेगळा थर सहज दिसत नाही. सॉफ्ट पेस्टमध्ये केओलिनऐवजी काचेची भुकटी वगैरे मिसळलेली असते आणि भाजणी कमी आचेची. तिचा टवका साखरेसारखा रवाळ, त्यात मळ शिरून तपकिरी झालेला, आणि झिलई वर साईसारखी वेगळी बसलेली. रंगही तिच्या झिलईत थोडे बुडतात. हार्ड पेस्टवर तेच रंग वर उभे राहतात, बोटाला लागतात.

बोन चायना या दोन्हींच्या मधलं. साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन आणि चायना स्टोन. हा मेळ अठराव्या शतकाच्या शेवटी स्पोड या इंग्लिश कारखानदारानं बसवला. म्हणून "१७६० ची बोन चायनाची बशी" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. त्याआधी हाडांची राख इंग्लिश मातीत पडत होती, पण त्या मातीला बोन चायना म्हणत नाहीत.

सेव्हर या फ्रेंच कारखान्याचा मुद्दाही इथेच. तिथे सुरुवातीचं काम सॉफ्ट पेस्टमध्ये. लिमोझजवळ केओलिन सापडलं १७६८ मध्ये, त्यानंतर हार्ड पेस्ट सुरू. सेव्हरचा शिक्का म्हणजे गुंफलेले दोन इंग्रजी एल, मध्ये वर्षाचं अक्षर. त्यात १७५० च्या दशकातलं अक्षर आणि हातात मात्र हार्ड पेस्ट, असा प्रकार दिसला तर शिक्का आणि माती यांपैकी एक जण खोटं बोलतोय. माती सहसा खोटं बोलत नाही.

जुन्या संग्राहकांची एक खोड होती, बुडाच्या कडेवर कानस फिरवून माती मऊ की कडक ते बघायची. ते करू नका. आजही काही वस्तूंच्या बुडावर त्या कानशीच्या खाचा दिसतात.

बूडबघ्या

माझं टोपणनाव उगाच नाही, तेव्हा बुडाचं मी लिहितो.

वस्तू ज्या कड्यावर उभी राहते ते कडं दहापट भिंगाखाली धरा. खरी झीज फक्त टेकणाऱ्या भागावर असते आणि तिच्या रेघा सगळ्या दिशांना वेड्यावाकड्या गेलेल्या असतात, काही खोल, काही पुसट, कारण वस्तू वर्षानुवर्षं कशीही सरकवली गेली. बनावट झीज सँडपेपरची: समांतर रेघा, सगळ्या एकाच खोलीच्या, आणि बऱ्याचदा न टेकणाऱ्या भागावरही. ताटलीत सुरी-काट्याचे ओरखडे मध्यभागी हवेत. बुडाचं कडं झिजलेलं आणि मध्य कोरा असेल तर ताटली भिंतीवरची शोभेची असेल, पण मग कड्याला एवढी झीज कुठून आली?

मळाचंही तसंच. खरा मळ झिलई नसलेल्या मातीत मुरतो, ओल्या कापसानं पुसून जात नाही आणि एकसारखा नसतो. चहाच्या पाण्यानं किंवा पोटॅशियम परमँगनेटनं आणलेला तपकिरी रंग सगळीकडे सारखा बसतो आणि खोलगट जागी थबकलेला दिसतो.

भट्टीतल्या आधारांच्या खुणा शिक्क्यापेक्षा बोलक्या. जपानच्या आरिता गावच्या ताटल्यांच्या बुडाशी, कड्याच्या आत, बारीक पुळ्यांसारखे खडबडीत ठिपके असतात. भट्टीत बूड खाली बसू नये म्हणून मातीच्या टेकूंवर ठेवत, ते टेकू तोडल्याच्या त्या खुणा. चिनी ताटल्यांवर त्या सहसा नसतात, त्यामुळे इमारी (निळा, लाल, सोनेरी) नक्षी चिनी की जपानी हा वाद बऱ्याचदा इथेच मिटतो. डर्बी या इंग्लिश कारखान्याच्या मूर्तींच्या बुडाशी तीन-चार गडद गोल डाग दिसतात, मातीच्या गोळ्यांवर ठेवून भाजल्याचे.

आणि माझी आवडती पेन्सिल परीक्षा. वूस्टरच्या अठराव्या शतकातल्या कपबशांत कड्याच्या आतल्या बाजूला झिलईची एक अरुंद पट्टी सुटलेली असते. मऊ शिशाची पेन्सिल कड्याच्या आतून फिरवा. झिलईवर ती घसरते, कोऱ्या पट्टीवर उमटते. रेघ ओल्या बोळ्यानं पुसता येते. एवढ्यावरून "वूस्टरच" म्हणू नका, इतर काही कारखान्यांतही ही पट्टी सापडते. हिरवट उजेड आणि ही पट्टी दोन्ही जुळले तर मग पुढे बोलू.

शिक्केशास्त्री

शिक्क्याला इतकं झोडपू नका हो. खरा ठरवायला तो अपुरा आहे हे मान्य. पण खोटा ठरवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. शिक्का वस्तू "याच्या आधीची असूच शकत नाही" एवढं ठामपणे सांगतो.

शिक्क्यात देशाचं नाव असेल तर वस्तू बहुतेक १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. "मेड इन" हे शब्द असतील तर बहुधा विसाव्या शतकातली. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. देशाचं नाव नाही म्हणून १८९१ पूर्वीची, असं होत नाही. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नसायचं आणि कधी नुसती कागदी चिठ्ठी लावायचे, ती केव्हाच गळालेली असते. जपानी मालावर "निप्पॉन" १९२१ पर्यंत, पुढे "जपान". निप्पॉनचे खोटे शिक्के भरपूर आहेत हे जाता जाता.

इंग्लिश वस्तूंवरचा, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा नोंदणी-शिक्का १८४२ ते १८८३ मधला. वरच्या वर्तुळातला रोमन चार म्हणजे चिनीमातीचा वर्ग. १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजवीकडे. १८८४ पासून नुसता नोंदणी क्रमांक. यातून कळते ती नमुना नोंदवल्याची तारीख. ती विशिष्ट बशी त्याच वर्षी घडली असं नाही, नमुना पुढे कितीतरी वर्षं चालू असू शकतो.

रॉयल डल्टन या इंग्लिश कारखान्याच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी लहान आकडा असेल तर त्यात १९२७ मिळवा. १३ असेल तर १९४०. ही पद्धत १९२८ पासून पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतची.

शिक्क्यातलं ठळक वर्ष म्हणजे वस्तूचं वर्ष नव्हे, ही चूक तर रोजची. वेजवुडवर १७५९ किंवा रॉयल कोपनहेगनवर १७७५ दिसलं तर ते कारखान्याचं जन्मवर्ष. आणि वेजवुडच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जीच्या पुढे ई असेल तर तो मूळ वेजवुड नव्हेच.

चेल्सीचा नांगर (लाल १७५० च्या दशकातला, सोनेरी त्यापुढे १७६९ पर्यंत) सहसा ६ मिमीच्या आत आणि कुठेतरी कोपऱ्यात लपलेला असतो. बुडाच्या मधोमध ठसठशीत नांगर दिसला की समजून जा.

भिंगवाला

@शिक्केशास्त्री, "खोटा ठरवायला स्वस्त" हे पटलं. मूळ लेखात "शिक्का शेवटी" म्हणजे "शिक्का नकोच" असा सूर लागला असेल तर तो मागे घेतो.

त्यात भर: मायसेनच्या तलवारींवर आडवी कापलेली खाच दिसली तर ती झिलईवरून नंतर कोरलेली असते. म्हणजे कारखान्यानंच तो माल दुय्यम ठरवला किंवा न रंगवता बाहेर दिला. अशा कोऱ्या वस्तू बाहेरच्या चित्रकारांनी रंगवल्या. माती खरी, तलवारी खऱ्या, चित्र मात्र मायसेनचं नाही. मुठींमध्ये तारा असेल तर १७७४ ते १८१४ चा, कारखान्याचा प्रमुख मार्कोलिनी याचा काळ. मुठींमध्ये ठिपका असेल तर त्याच्या आधीचं दशक. पण १९२४ ते १९३४ मध्येही ठिपका होता, तो पात्यांच्या टोकांमध्ये. ठिपक्याची जागा न बघता "१७७०" म्हणणं म्हणजे दीडशे वर्षांचा घोटाळा.

टवके_उडाले

चिनी शिक्क्यांचं कुणीच बोललं नाही. तिथे तर शिक्का आदरापोटीही मारतात! चेंगहुआ या सम्राटाची राजवट १४६५ ते १४८७, पण तिचा सहा अक्षरी शिक्का कांगशी या पुढच्या सम्राटाच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) भांड्यांवर सर्रास सापडतो. त्यात फसवणूक नव्हती, पूर्वजांच्या कामाला तो मुजरा होता. १६७७ मध्ये जिंगदेझेन या पोर्सिलेनच्या गावातल्या अधिकाऱ्यानं राजाचं नाव भांड्यांवर घालायला मनाई केली होती, त्यामुळे कांगशीच्या त्या काळातल्या भांड्यांवर नुसती दुहेरी वर्तुळं किंवा पान, शंख अशी चिन्हं दिसतात. अक्षरं उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचायची.

कपबशी

मूर्तींचं काय? मेंढपाळीण, कुत्र्यांची जोडी वगैरे. त्यांना बुडाचं कडं नसतं.

कोबाल्ट

दोन गोष्टी बघायच्या, भोक आणि माप.

पोकळ मूर्ती भाजताना आतली हवा फुगून ती फुटू नये म्हणून भोक लागतं. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या सपाट पाठीच्या मूर्ती आणि कुत्रे साच्यात माती दाबून केलेले, त्यामुळे भोक टाचणी-खिळ्याएवढं. आजच्या नकला पातळ मातीचा घोळ साच्यात ओतून करतात, जादा घोळ बाहेर काढायला भोक मोठं लागतं, बोट जाईल एवढं. त्यातून आत विजेरी मारा. ओतीव मूर्तीची आतली बाजू बाहेरच्या वळणाबरहुकूम जाते: बाहेर नाक पुढे तर आत तिथे खळगा. दाबीव मूर्तीची आतली बाजू ओबडधोबड, बोटांच्या दाबांची, भिंत कुठे जाड कुठे पातळ. हा नियम स्टॅफर्डशायरपुरता ठेवा. डर्बीत अठराव्या शतकातच ओतकाम चालायचं.

आता माप. पोर्सिलेन सुकताना आणि भाजताना आक्रसतं, मिश्रणानुसार ढोबळमानानं १२ ते २० टक्के. तयार मूर्तीवरून साचा घेतला तर नक्कल तेवढीच लहान निघते. मूळ मूर्ती २० सेंमी असेल आणि माती १५ टक्के आक्रसणारी असेल तर नक्कल १७ सेंमी. म्हणून संग्रहालयांच्या सूचीतली उंची मिलिमीटरपर्यंत टिपून ठेवा आणि उंचीबरोबर बैठकीची रुंदीही मापा. उंची वाढवायला बैठक जाड करता येते, रुंदीत ती लबाडी लपत नाही. माप जुळलं म्हणून मूर्ती खरी ठरत नाही, कारण कारखाना स्वतःच्या मूळ साच्यावरून शंभर वर्षांनी तीच मूर्ती पुन्हा काढू शकतो.

चित्राबद्दल एक ओळ: भिंगाखाली छापील ठिपक्यांची जाळी एकसारखी दिसते, तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर आणि कागदावरून भांड्यावर उतरवलेल्या नक्षीत कोरीव रेघा आणि कागदाचा जोड दिसतो, हातानं रंगवलेल्यात कुंचला उचलल्याची शेपटी. "रॉयल व्हिएन्ना" म्हणून मिरवणाऱ्या कित्येक ताटल्यांवर आधी छापून वर सोन्याचे चार फटकारे मारलेले असतात. व्हिएन्नाचा मूळ कारखाना १८६४ मध्येच बंद झाला.

डागडुजी

डागडुजी लपवलेली कशी ओळखायची ते राहिलं, आणि गोची सगळ्यात जास्त तिथेच होते.

बघायच्या जागा ठरलेल्या: कपाचा कान जिथे चिकटतो तो सांधा, किटलीच्या तोटीचं टोक, झाकणाची बोंडी, मूर्तींची बोटं, मान आणि फुलांच्या पाकळ्या. गालाला लावून बघा. झिलई गार लागते, रंगाची पुटी त्यामानानं कोमट. लाकडी दातकोरणीचं टोक हलकेच सरकवा. झिलईवर ते घसरतं, रंगावर किंचित अडतं. सुई वापरू नका, ओरखडा पडतो.

अतिनील दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चे स्वस्त दिवे जांभळा उजेडच इतका टाकतात की बाकी काही दिसत नाही. काळोखात जुनं लाखेचं चिकटवण नारिंगी चमकतं, कित्येक इपॉक्सी निळसर-पांढरी. पण मुरलेला कारागीर अतिनीलमध्ये न चमकणारे रंगही वापरतो. एखादीच जागा आजूबाजूपेक्षा वेगळी चमकली तर डागडुजीचा दाट संशय. नाही चमकलं तर काहीच सिद्ध होत नाही.

जुनी टाके मारलेली, म्हणजे धातूच्या पट्ट्या ठोकलेली भांडी दिसली तर त्या पट्ट्या उपसू नका. तो त्या भांड्याचा इतिहास आहे, शिवाय पट्टी निघाली की भांडं दुभंगतं.

कपबशी

अर्दनवेअरच्या ताटलीवर चिरांचं जाळं आहे आणि ते पिवळं-तपकिरी झालंय. ब्लीचमध्ये भिजवून पांढरं होतं असं ठिकठिकाणी वाचलं.

डागडुजी

ब्लीच अजिबात नको. पांढरं होतं हे खरं, पण ब्लीच चिरांतून आतल्या सच्छिद्र मातीत शिरतं, क्षार आत उरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि झिलई खालून ढकलतात. दोन-चार महिन्यांनी खपल्या निघायला लागतात, तेव्हा ब्लीचचा संशयही कुणाला येत नाही.

चिरांचं जाळं पडतं ते झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसू पाहते म्हणून. शिवाय सच्छिद्र माती दमट हवेतलं पाणी धरून वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते, झिलई फुगत नाही. ते जाळं बुजत नाही, फक्त त्यातला डाग कमी करता येतो.

आधी ताटली डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवा, म्हणजे छिद्रं पाण्यानं भरतील आणि सुटलेला डाग आणखी आत ओढला जाणार नाही. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेले कापसाचे पट्टे फक्त डागावर ठेवून वर प्लास्टिकचा कागद सैल घाला. घट्ट बंद डब्यात ठेवू नका, वायू सुटतो. काही तासांनी पट्टे बदला. तीन-चार फेऱ्यांत फरक पडला नाही तर सोडून द्या. शेवटी डिस्टिल्ड पाणी बदलत दोन दिवस बुडवून ठेवा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. डाग लवकर वर यावा म्हणून ओव्हनमध्ये घालायची टूम आहे, तिनं चिरा लांबतात.

सोन्याची कड असेल, झिलईवरचे रंग असतील, डागडुजी किंवा धातूचे टाके असतील तर हे काहीच करू नका. टाक्यातल्या लोखंड-तांब्यानं पेरॉक्साइड भसाभस फसफसतं आणि नवा गंजाचा डाग पडतो तो वेगळाच.

साध्या धुलाईला प्लास्टिकचं टोपलं, तळाशी जाड टॉवेल, कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, एका वेळी एकच वस्तू. गरम पाणी नको, जुना सरस आणि लाख सुटते आणि कान हातात येतो.

टवके_उडाले

फुटलेलं चिकटवायला सुपरग्लू चालेल का? माझं टोपणनाव बघून हसू नका.

डागडुजी

नको. क्षणात बसतं, म्हणजे तुकडा अर्धा मिलिमीटर हलला तरी सुधारता येत नाही, आणि सांधा ठिसूळ राहतो. सच्छिद्र मातीसाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक चिकटवण बरं. ॲसिटोननं पुन्हा सोडवता येतं. मात्र साधारण ४० अंशांना ते मऊ पडायला लागतं, उन्हाच्या खिडकीत तो सांधा सरकेल. पोर्सिलेनसाठी संवर्धक पातळ इपॉक्सी वापरतात. तुकडे कोरडेच चिकटपट्टीनं जुळवतात आणि मग इपॉक्सी फटीत सोडतात, ती आपोआप आत खेचली जाते.

काहीही लावण्याआधी सगळे तुकडे कोरडे जुळवा आणि क्रम आकड्यांनी मागच्या चिकटपट्टीवर लिहा. चुकीच्या क्रमानं गेलात तर शेवटचा तुकडा पाचरीसारखा अडकतो आणि आत जात नाही, मग आधीचे सगळे सांधे सोडवावे लागतात. बूड आधी, काठ शेवटी. वस्तू दुर्मीळ असेल तर तुकडे वेगवेगळ्या टिश्यूत गुंडाळून संवर्धकाकडे न्या. चुरासुद्धा टाकू नका, पुडीत ठेवा.

बूडबघ्या

मांडणीचं थोडं. स्प्रिंगचे तारेचे हँगर कडेवर सतत दाब देतात, टवका तिथेच उडतो. मापाला सैल आणि प्लास्टिक चढवलेले घ्या, नाहीतर ॲक्रिलिकचा स्टँड. ताटल्यांच्या चळतीत प्रत्येकीमध्ये नमद्याचा गोल तुकडा घाला, नाहीतर वरच्या ताटलीचं खरखरीत कडं खालच्या ताटलीचं सोनं खरवडतं. कप कानाला अडकवून टांगू नका आणि एकात एक घालू नका. उचलताना झाकण आधी काढून बाजूला, मग दोन्ही हातांनी पोटाला धरून, कानाला कधीच नाही. सुती हातमोजे निसरडे असतात, स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे मोजे.

कपबशी

सगळ्यांचे आभार, पेन्सिल परीक्षा आजच करणार. शेवटचं एकच: अशा जुन्या बश्यांतून खाल्लं तर चालतं का?

कोबाल्ट

जुन्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगांत शिसं असू शकतं. आंबट पदार्थ आणि गरम पेय ते जास्त ओढून घेतात, आणि चिरांच्या जाळ्यात अन्नही अडकून राहतं. बघायला ठेवा, जेवायला दुसरं काढा. आणि डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही, सोनं चार-सहा धुण्यांतच उडायला लागतं.